सिंधुपाल्चोकची उधारी

नेपाळच्या पुनर्बांधणीची छापील गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. २५ एप्रिल २०१५चा शनिवार, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटे कमी, ७.८ तीव्रतेचा धक्का. ९,०००च्या आसपास माणसे गेली, त्यांतली साडेतीन हजारांच्या आसपास एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. मग तंबू आले, पत्रे आले, देशोदेशीचे स्वयंसेवक आले आणि दोन-तीन वर्षांनी अहवालांच्या मुखपृष्ठांवर नव्या घराच्या उंबऱ्यात उभ्या हसऱ्या आजीबाई आल्या. त्या फोटोंच्या चौकटीबाहेर जे चालले होते ते मी पाहिले आहे. २०१६च्या दसऱ्याआधी आमचा महाराष्ट्रातला छोटा गट तिथे पोहोचला: ठाण्याची एक नर्स, साताऱ्याचा एक पाणीवाला इंजिनिअर, उमरग्याकडचे एक वयस्कर गवंडी, ज्यांना सगळे काका म्हणत, आणि हिशेब-कागदपत्रे सांभाळायला मी. चौताऱ्याच्या बाजारापासून वर चढणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला तामांगांचे गाव. गावाचे नाव मी लिहिणार नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे त्या गावाने आपल्यापुरते ठेवले आहे.

पहिल्या संध्याकाळी चौतारीवर, म्हणजे पिंपळाखालच्या पारावर, एका निवृत्त मास्तरांनी आमची झाडाझडती घेतली. सप्टेंबर २०१५पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवर झालेली कोंडी नेपाळी माणूस भारताने केलेली नाकाबंदी म्हणूनच ओळखतो. घर पडल्यानंतरचा पहिला हिवाळा, वर पत्रा, आणि गॅस नाही, डिझेल नाही, औषधे नाहीत. मास्तरांनी शांतपणे विचारले, ‘तेव्हा कुठे होतात?’ आमच्यापैकी कुणापाशी उत्तर नव्हते. आमची नेपाळी समन्वयक, जिला सगळे बहिनी म्हणायचे, तीही गप्प राहिली. मास्तरांनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत, पण त्यानंतर कित्येक दिवस नमस्काराच्या पुढे बोलणे गेले नाही. त्यांच्या घरात एक भरलेला सिलिंडर होता. नाकाबंदी उठल्यावर मिळालेला तो सिलिंडर त्यांनी कधी लावला नव्हता. पुन्हा तशी वेळ आली तर असावा म्हणून ठेवला होता. थंडीतल्या एका पावसाळी रात्री खालच्या टोलात, म्हणजे वस्तीत, एक बाई अडली. लाकडे ओली, चूल धरेना, पाणी उकळायचे कसे? मास्तर कपाळाला नाम्लो, ओझे वाहायचा पट्टा, लावून, पाठीवर सिलिंडर घेऊन, त्या निसरड्या पायवाटेने उतरले. वय सत्तरीच्या पुढचे. भारतीय नर्स गरम पाण्याची वाट पाहत होती आणि ते पाणी नाकाबंदीच्या सिलिंडरवर उकळले.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट अहवालात आली नाही. अहवाल म्हणतो, आमच्या नर्सने बाळंतपण केले. खोलीत खरी सूत्रे होती गावातल्या स्वास्थ्य स्वयंसेविकेकडे. नेपाळ सरकारने १९८८पासून गावोगावच्या बायकांमधून अशा स्वयंसेविका उभ्या केल्या. पगार नाही, नोकरी नाही. तरीही लसीकरणापासून गरोदर बाईला वेळेत खाली पोहोचवण्यापर्यंत गावाची तब्येत त्यांच्याच खांद्यावर. या बाईला लिहिता-वाचता जेमतेम यायचे, पण कुठल्या घरात कुणाला कितवा महिना लागला आहे ते तोंडपाठ. गाडी पोहोचेपर्यंत कुणी काय धरायचे, कुणी बाहेर जायचे, हे तीच सांगत होती. आमची नर्स बारा वर्षे मोठ्या रुग्णालयात काम केलेली, हुशार आणि मानी. तिने पहिल्या पाच मिनिटांत परिस्थिती ओळखली आणि निमूट हाताखाली उभी राहिली. सकाळी ती मला म्हणाली, ‘अगं, स्वयंसेवक म्हणून आपण आलोय की ती आहे?’ दुसऱ्या दिवसापासून ती त्या बाईंच्या मागे-मागे घरोघर फिरू लागली. गावातली सगळी दारे तिला तशीच उघडली.

दारे उघडण्याची गोष्ट निघालीच आहे तर उधारीचा किस्सा सांगायला हवा. माझ्या लेखी सगळ्या मुक्कामातला तोच सर्वांत महत्त्वाचा. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री भारतात ५०० आणि १,०००च्या नोटा रद्द झाल्या. आमचा जेवणखाणाचा पैसा ५००च्या भारतीय नोटांत होता, कारण नेपाळात त्या सर्रास चालायच्या. दुसऱ्याच दिवशी नेपाळ राष्ट्र बँकेने त्या नोटांचा व्यवहार थांबवला. चौताऱ्याच्या बँकेतून आमचा साताऱ्याचा इंजिनिअर हात हलवत परत आला. मदत करायला आलेल्या माणसांकडे तांदळाला पैसे नाहीत, ही बातमी आमच्या आधी गावात पोहोचली होती. गावात एकच दुकान, तिथली साहुनी. तिने काहीही न विचारता तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि वाईवाई नूडल्सची पाकिटे मोजून दिली आणि वहीत ओळ घातली: ‘इन्डियाका दाजुभाइ’, भारतातले भाऊ.

त्या ओळीने काय केले ते शब्दांत पकडणे अवघड आहे. तोवर आम्ही जायचो-यायचो, लोक हात जोडायचे, वाट द्यायचे. उधारी झाल्यावर मात्र दुकानासमोरचे म्हातारे हाका मारू लागले. कुणाची किती बाकी आहे ते सगळ्यांना माहीत, तशी आमचीही माहीत झाली. एकाने हसत सांगितले, तुमचे नाव माझ्या नावाच्या खाली आहे, म्हणजे आपण शेजारी. पैसे येईपर्यंत आम्ही त्या वहीत राहिलो आणि गावाचे झालो. पुढे काठमांडूहून रक्कम आली, बाकी चुकती झाली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, नोटा भरायची ३० डिसेंबरची मुदत उलटल्यावर, बहिनीकडून कळले की साहुनीच्या ट्रंकेत स्वतःच्याच १,०००च्या भारतीय नोटांची चळत होती. नवऱ्याने भारतात राबून घर बांधायला पाठवलेला पैसा. तो सगळा कागद झाला होता. ज्या दिवशी तिने आम्हाला उधार दिले त्या दिवशी तिला ते माहीत होते. आमच्यातला कुणी सीमेपलीकडे जाणार आहे का, काही वाट निघेल का, हेही तिने एकदासुद्धा विचारले नाही. तेव्हा आमची बाकी अजून द्यायची होती, आणि बाकीदाराला गळ घालायची नाही, अशी तिची रीत.

डोंगरातल्या या गावांत पर्म चालते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, आपल्याकडच्या सावडीसारखेच. तरुण पुरुष कतार-मलेशियाला गेलेले, त्यामुळे भूकंपानंतर पाया खणायला, दगड वाहायला पर्मच आधार होती. आमच्या गटाने सुरुवातीला चांगुलपणाने घोळ केला. आम्ही कुणाच्याही घरी दिवसभर दगड वाहायचो आणि बदल्यात काही नको म्हणायचो. एका विधवा बाईने दोनदा काम करून घेतले आणि मग बोलावणेच बंद केले. आम्हाला वाटले, काही चुकले. बहिनी रागावली: ‘तुम्ही तिला परत करू देत नाही. ती तिसऱ्यांदा कुठल्या तोंडाने बोलावेल?’ मग ठरले. आम्ही दिलेल्या प्रत्येक दिवसाच्या बदल्यात त्या घरातले कुणीतरी पाण्याच्या टाकीच्या कामावर एक दिवस येणार. त्या बाई पहिल्या आल्या, आणि आमच्या इंजिनिअरपेक्षा जास्त डोको, पाठीवरच्या टोपल्या, भरून वाळू वाहून हिशेब बरोबर करून गेल्या.

टाकीचा किस्सा मोठा आहे. भूकंपानंतर या डोंगरांत पुष्कळ झरे आटले, काही भलत्याच जागी फुटले. खालच्या टोलाचा झरा गेला आणि वरच्या टोलाच्या हद्दीत नवे पाणी दिसू लागले. पाइप टाकून ते दोन्हीकडे द्यायचे, एवढेच काम. दोन्ही टोलांचे म्होरके आमच्यासमोर बसले. इतके गोड बोलणे मी कुठल्या बैठकीत ऐकले नाही. ‘मीतज्यू’, ‘हजुर’ याखाली गोष्ट नाही. आमच्या इंजिनिअरने खुशीने एकमत झाल्याची नोंद केली. रात्री पाइप कापला गेला. पुन्हा बैठक, पुन्हा तीच आदबशीर वाणी, पुन्हा कापलेला पाइप. शेवटी बहिनीने उलगडा केला. ते दोघे मीत होते. विधी करून मैत्री लावायची आणि मग ती सख्ख्या भावासारखी पाळायची, अशी नेपाळात जुनी रीत आहे. जात आड येत नाही, पण दोन्ही घरांत पुढे सोयरीक होत नाही आणि मीत वारला तर सुतक पाळायचे. अशा माणसाशी समोरासमोर भांडता येत नाही. म्हणून दिवसा आदर आणि रात्री करवत. समोर बसवून भांडण मिटवण्याची आमची सगळी पद्धत तिथे निकामी होती, कारण समोर बसले की भांडण शिल्लकच राहत नव्हते.

मग आमा समूहाने, गावच्या बायकांच्या गटाने, बैठक बोलावली. निरोप आला: पुस ५. आमच्या साताऱ्याच्या गड्याने भिंतीवर कालनिर्णय लावले होते. त्याने पौष शोधला, पंचमी शोधली आणि वहीत जानेवारीतली तारीख टिपली. नेपाळी महिने सूर्याच्या चालीने चालतात. त्यांचा पुस डिसेंबरच्या मध्यालाच लागतो. म्हणजे २० डिसेंबर. त्या दिवशी आम्ही सगळे चौताऱ्याला पाइपांची खरेदी करत होतो. परत आलो तेव्हा बैठक उरकली होती, आणि जे आमच्यासमोर कधीच बोलले गेले नव्हते ते बोलून झाले होते: पाइप कुणी कापला, कुणाच्या सांगण्यावरून, खालच्या टोलाच्या सुना पाण्यासाठी किती वाजता उठतात, सगळे. बायका काही एकमेकींच्या मीत नव्हत्या. त्यांनी ठरवले, टाकी दोन्ही टोलांच्या सीमेवर. सकाळचे पाणी वर, संध्याकाळचे खाली. माइन्युटच्या वहीत ठराव लिहिला, अंगठे-सह्या झाल्या. आमच्या नावांपुढे जागा मोकळी सोडलेली होती. मी हरखले, आपली आठवण ठेवली म्हणून. बहिनीने समजावले की पाइपाच्या बिलाला आमच्या सह्या लागतात, नाहीतर तीही जागा सोडली नसती. आम्ही सह्या केल्या. त्यानंतर पाइप कापला गेला नाही.

टाकी झाली तशी पाटीची लढाई सुरू झाली. टाकीला पैसा एका संस्थेचा, पाइपाला दुसरीचा; दोन्ही नावे राहू द्या. दोघींनाही आपलीच पाटी दर्शनी हवी. काठमांडूत पत्रे गेली, रंग कुठला, अक्षर किती इंची यावर चर्चा झाल्या. गावकऱ्यांनी त्यात अजिबात वेळ घालवला नाही. टाकीला दोन खिळे ठोकले; ज्या दिवशी ज्याचे पाहुणे, त्या दिवशी त्याची पाटी. दुसरी पाटी तेवढा वेळ एका आमाच्या बकऱ्यांच्या खोरावर, म्हणजे गोठ्यावर, कारण पत्रा चांगला जाड होता आणि तिचे छप्पर गळत होते. एकदा पाहुणे न कळवता आले. त्यांची पाटी खोरावर होती. परदेशातून आलेल्या त्या वयस्कर बाई खोरासमोर थांबल्या, पाटी वाचली, आत कोरड्या जागी बसलेल्या बकऱ्या पाहिल्या आणि म्हणाल्या, ही इथेच राहू द्या. टाकीवर आजही बहुधा एकच पाटी असेल.

एक आठवण इतरांपेक्षा वेगळी आहे आणि ती हलक्या हाताने सांगता येत नाही. आमा समूहाच्या पहिल्या भेटीत आमच्या नर्सने ओळख करून दिली: मी मुंबईजवळची. खोलीतला आवाज एकदम बसला. बहिनीने घाईने विषय बदलला आणि नंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितले. सिंधुपाल्चोक, नुवाकोट या जिल्ह्यांतून कितीतरी मुली फसवून मुंबईच्या कुंटणखान्यांत विकल्या गेल्या होत्या. १९९६ साली मुंबईत पोलिसांनी धाडी घातल्या, पुष्कळ नेपाळी मुली सुटल्या, पण परतल्यावर त्यांना घरात घ्यायला फार थोडे तयार होते. त्यांतल्याच काहींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. मुलींची विक्री रोखायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. २०१३ साली त्या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या शहराचे नाव दुसऱ्याच्या कानात कसे वाजते ते मला तिथे कळले. त्यानंतर आम्ही ओळख करून देताना फक्त महाराष्ट्र म्हणायचो. माघातल्या एका गारठलेल्या संध्याकाळी मी एका घरात हात चोळत उभी होते. घरातली बाई माझ्याकडे न बघता, स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘थंडी हाय लई. चुलीपाशी बस.’ मी बसले. तिने पुढे काही सांगितले नाही, मी विचारले नाही. त्यानंतर मी गेले की ती आधी पाट सरकवायची.

आता काकांचा किस्सा. काका १९९३च्या किल्लारीच्या भूकंपातून उरलेले. ३० सप्टेंबरच्या पहाटे माळवदाच्या घरांनी, दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याने, माणसे कशी गाडली ते त्यांनी आपल्या हातांनी उपसून पाहिले होते. सिंधुपाल्चोकची पडलेली घरेही दगडमातीचीच. काकांना त्या ढिगाऱ्यांत पहिल्या दिवसापासून सगळे ओळखीचे वाटत होते. प्रशिक्षणाच्या दिवशी एका तरुण इंजिनिअरने पडद्यावर चित्रे दाखवली: पायथ्याला, खिडकीखाली, चौकटीवर असे आडवे पट्टे, कोपऱ्यांची बांधणी, भिंतीच्या दोन्ही अंगांना धरणारे आरपार दगड. शेवटच्या रांगेत एक म्हातारे डकर्मी, म्हणजे गवंडी, बिडी ओढत बसले होते. इंजिनिअरने विचारले, बा, समजतेय ना? त्यांनी धूर सोडला आणि काकांकडे बघून विचारले, ‘केम छो?’ मग कळले. २००१च्या गुजरात भूकंपानंतर पाटण जिल्ह्यातले पाटणका गाव पुन्हा उभे करताना ‘एनसेट’ या नेपाळच्या संस्थेने नेपाळी गवंडी तिथल्या गवंड्यांना शिकवायला नेले होते. हे त्यांतले. जो धडा आम्ही भारतातून त्यांना द्यायला आलो होतो, तो ते पंधरा वर्षांपूर्वी भारतात देऊन आले होते. दुसऱ्या दिवसापासून वर्ग त्यांनीच घेतला. काका पहिल्या रांगेत.

या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांनाही त्याची गरज पडली नाही. ओळंबा, हातोडी, बोटाने दाखवलेली फट. पण दोघांनी मिळून एका सुनेचा रोष ओढवून घेतला. सरकारी अनुदान तीन लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत: ५०,०००, मग दीड लाख, मग एक लाख, प्रत्येक पुढच्या हप्त्याआधी तपासणी. या सुनेचा नवरा कतारला. तिने मुले सांभाळत पायथ्यापर्यंत बांधकाम आणले होते आणि दुसऱ्या हप्त्याची वाट पाहत होती. तपासणी दोन दिवसांवर असताना काकांनी कोपरा पाहिला: सळया नुसत्या एकमेकींवर टेकवलेल्या, वळवून बांधलेल्या नाहीत. म्हाताऱ्या डकर्मींनी मान हलवली. फोडायचे. ती रडली, मग ओरडली, मग दोघांशी बोलणे टाकले. पण फोडताना आणि पुन्हा बांधताना ती तिथून हलली नाही. प्रत्येक सळी कशी वाकते ते बघत राहिली. तपासणी पार पडली, दीड लाख आले. काकांना वाटले आता तरी चहा मिळेल. त्याऐवजी ती पुढच्या महिन्यात आमच्या कार्यालयाच्या दारात उभी राहिली, डकर्मीचे काम मागायला. काम दिले. आठवड्याचा पगार घेताना तिने पैसे मोजले आणि परत टेबलावर ठेवले. हाताखालच्या मजुराचा दर लावला होता. ‘मी कोपरा बांधते,’ ती म्हणाली. काकांनी माझ्याकडे पाहिले, मी वही दुरुस्त केली. चहा त्यानंतर मिळाला.

१४ मे २०१७ला त्या भागात स्थानिक निवडणुका झाल्या, वीस वर्षांनी पहिल्यांदा. नव्या कायद्याने प्रत्येक वडात, म्हणजे वॉर्डात, दोन महिला सदस्य हव्याच, त्यांतली एक दलित. आमा समूहात माइन्युट लिहिणारी ठसठशीत अक्षराची मुलगी उभी राहिली आणि निवडून आली. गावाने अबीर लावला, आम्हीही लावला. आमच्या निरोपाची तारीख तेव्हा ठरलेली होती. साहुनीकडे कोंबडीचेही सांगून झाले होते. निवडून आल्यावर ती पहिल्याच आठवड्यात आली, हातात तीच माइन्युटची वही. म्हणाली, दिदी, पाण्याच्या कामाचा हिशेब वडात मांडायचा आहे. पाइपाची बिले दाखवा. मी फाइल काढली. तिने एकेक पावती वहीतल्या मोजमापाशी जुळवली, बोट ठेवून, घाई न करता. दोन पावत्या कमी निघाल्या. चौताऱ्याच्या दुकानदाराने नव्याने लिहून देतो म्हटले; ती नको म्हणाली, मूळच हव्यात. त्या काठमांडूच्या कार्यालयात अडकल्या होत्या. त्या येईपर्यंत तिने निरोपाचा कार्यक्रम पुढे ढकलला, आणि साहुनीला कोंबडी ठेवून द्यायला सांगितले.